सागरी लिंपेटांचे संग्रहालयीन संकलन

समुद्रकिनाऱ्यावरील खडकांना चिकटून राहणाऱ्या लिंपेट या मृदुकाय प्राण्यांचे नमुने शास्त्रीय नोंदींसह गोळा करून अभ्यासासाठी कायम जतन करणे, यास लिंपेटांचे संग्रहालयीन संकलन म्हणतात. भारतात असे राष्ट्रीय संग्रह प्रामुख्याने भारतीय प्राणी सर्वेक्षण (स्थापना १९१६, मुख्यालय कोलकाता) ही संस्था सांभाळते. तिची विभागीय केंद्रे पुणे व पोर्ट ब्लेअर येथेही आहेत.

ओळख
लिंपेटाचे कवच गोगलगायीसारखे वेटोळे नसून बुटक्या शंकूसारखे असते. रुंद, स्नायुमय पायाच्या साह्याने तो खडकाला घट्ट चिकटतो आणि दातेरी पट्टीने खडकावरील शेवाळ खरवडून खातो. अनेक जातींतील प्राणी चरून झाल्यावर आपल्या ठरलेल्या जागी परततात. भारतीय किनाऱ्यांवर सेलाना रेडिएटा ही जाती सामान्यतः आढळते. सायफोनेरिया वंशातील प्राण्यांचे कवच लिंपेटासारखेच दिसते. मात्र ते हवेतही श्वसन करू शकतात आणि खऱ्या लिंपेटांचे निकटचे आप्त नाहीत. त्यामुळे केवळ कवचावरून ओळख पटवणे धोक्याचे ठरते.

इतिहास
सेलाना रेडिएटा या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन इग्नाझ फॉन बॉर्न यांनी १७७८ मध्ये व्हिएन्ना येथील शाही संग्रहाच्या सूचीत केले. त्या काळी कवचे शोभेच्या वस्तू म्हणूनही जमवली जात आणि ती कोठून आणली याची नोंद पुष्कळदा राहत नसे. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधील मृदुकाय प्राण्यांची सूची जेफ्री नेव्हिल यांनी १८७८ पासून प्रसिद्ध केली. मूळ सात बेटांच्या मुंबईतील सागरी मृदुकाय प्राण्यांची यादी मेलव्हिल व ॲबरक्रॉम्बी यांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध केली. मेलव्हिल यांचा संग्रह पुढे कार्डिफ येथील वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला.

पद्धत व जतन
नमुने ओहोटीच्या वेळी घेतले जातात. धक्का लागताच लिंपेट खडकाला अधिक घट्ट धरतो. म्हणून पातळ, बोथट पाते झटकन कवचाखाली सरकवून तो सोडवावा लागतो. ठिकाण, तारीख, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील उंची, खडकाचा प्रकार आणि संकलकाचे नाव यांची नोंद त्याच वेळी केली जाते. जनुकीय अभ्यासासाठी मऊ शरीर सुमारे ९५ टक्के तीव्रतेच्या अल्कोहोलमध्ये ठेवतात. फॉर्मेलिनने जनुकीय द्रव्याची हानी होते आणि ते आम्लयुक्त झाल्यास कवचही झिजते. लाकडी कपाटांतून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफांमुळे कोरड्या कवचांवर पांढरा थर चढतो. या विकारास ‘बाईनचा रोग’ म्हणतात. पूर्वी तो जंतूंमुळे होतो असा समज होता.

कायदा व मर्यादा
राष्ट्रीय उद्यानांत व अभयारण्यांत परवानगीशिवाय संकलन करता येत नाही. अंदमानातील वांडूर येथील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान हे याचे उदाहरण होय. २००१ मध्ये मृदुकाय प्राण्यांच्या काही जातींना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण मिळाले. जैवविविधता कायदा, २००२ नुसार नव्या जातीचा प्रमाणभूत नमुना अधिकृत भांडारात जमा करणे बंधनकारक आहे. बेटावरील एखाद्या जातीची संख्या मुळातच मर्यादित असू शकते. म्हणून आवश्यक तेवढेच नमुने घ्यावेत आणि उलटवलेले दगड पूर्ववत ठेवावेत, असा संकेत आहे.

महत्त्व
भराव, प्रदूषण व वाढते तापमान यांमुळे खडकाळ किनारे बदलत आहेत. मुंबईत बॅकबे येथील भरावाने मूळ किनाऱ्याचा मोठा भाग झाकला गेला. अशा ठिकाणी पूर्वी कोणते प्राणी होते हे ठरवण्यासाठी जुने नमुने हाच प्रत्यक्ष, पडताळता येणारा पुरावा ठरतो. मात्र ठिकाण व तारीख नसलेले कवच कितीही सुंदर असले, तरी या कामी निरुपयोगी असते. संग्रहाचे शास्त्रीय मोल कवचाइतकेच त्यासोबतच्या नोंदपट्टीवर अवलंबून असते.