खंदकयुद्ध : लष्करी इतिहास आणि मिथकाची घडण

पहिल्या महायुद्धाची इंग्रजी वाङ्मयीन संस्कृतीतील आठवण एका दिवसाभोवती गोठलेली आहे. तो दिवस १ जुलै १९१६ चा. फ्रान्समधील सोम नदीच्या परिसरात सकाळी साडेसात वाजता ब्रिटिश पायदळाने हल्ला चढवला आणि दिवस संपेपर्यंत त्या सैन्यातील ५७,४७० माणसे मृत, जखमी, बेपत्ता वा बंदी झाली. त्यांतील १९,२४० मेली. आकड्याविषयी फारसा वाद नाही. वाद आहे तो आकड्याभोवती रचल्या गेलेल्या दृश्याविषयी. खांद्याला खांदा लावून संथ पावलांनी रांगेत चालत निघालेले तरुण, समोर धडधडणाऱ्या यंत्रबंदुका, आणि मागे कुठल्याशा हवेलीत नकाशापलीकडे युद्ध न पाहिलेले सेनापती, हे ते दृश्य. कविता, आत्मचरित्रे, नाटके, चित्रपट आणि अखेरीस १९८९ सालची एक विनोदी दूरदर्शन-मालिका, 'ब्लॅकॲडर गोज फोर्थ', अशा वाटेने ते आले आणि ब्रिटनमधील शाळांच्या वर्गांत इतिहास म्हणून स्थिरावले.

मिथक म्हणजे खोटी गोष्ट, असा अर्थ येथे अभिप्रेत नाही. इतिहासाला निसर्गाचे रूप देणारी भाषा, या बार्थप्रणीत अर्थानेच ही संज्ञा घेतली पाहिजे. जे विशिष्ट परिस्थितीत, विशिष्ट निर्णयांमुळे घडले, ते 'युद्ध असेच असते' या विधानात विरघळून जाते आणि मग निर्णयांची चौकशी करण्याचे कारणच उरत नाही. खंदकयुद्धाच्या मिथकाने सेनापतींना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले असे वरवर दिसते. प्रत्यक्षात त्यांना मूर्ख ठरवून त्याने खटलाच निकालात काढला.

सोमचेच उदाहरण पाहावे. रॉबिन प्रायर आणि ट्रेवर विल्सन या इतिहासकारांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्या सकाळच्या पहिल्या हल्ल्यातील ८० पलटणींच्या नोंदी एकेक करून तपासल्या. ५३ पलटणी हल्ल्याच्या वेळेपूर्वीच सरपटत पुढे जाऊन जर्मन तारांच्या जवळ पोहोचल्या होत्या, दहांनी आपल्या खंदकातून थेट धाव घेतली होती, आणि संथ पावलांनी चालत गेलेल्या पलटणी होत्या अवघ्या १२. म्हणजे पायदळाची चाल हे त्या संहाराचे मुख्य कारण नव्हे. पायदळ निघण्यापूर्वी सात दिवस चाललेल्या तोफांच्या माऱ्यात सुमारे १५ लाख गोळे डागले गेले. ऐकताना ही संख्या प्रचंड वाटते. परंतु ज्या लांबीच्या आणि ज्या खोलीच्या खंदकरांगांवर ते गोळे पसरले, त्या मानाने ती अपुरी होती. त्यांतील मोठा हिस्सा छर्‍यांच्या गोळ्यांचा होता. खडूच्या दगडात कित्येक मीटर खोल खणलेल्या जर्मन भुयारांवर त्या छर्‍यांचा काहीही परिणाम होण्यासारखा नव्हता. हल्ल्याची योजना आखणाऱ्या रॉलिन्सनला मर्यादित पल्ल्याचा हल्ला हवा होता. सरसेनापती डग्लस हेगने तो पल्ला वाढवला आणि तेवढेच गोळे दुप्पट जमिनीवर विरळ झाले. दक्षिणेकडे, जेथे फ्रेंच तोफखाना शेजारी होता, तेथे माँतोबां आणि मामेत्झ ही गावे त्याच दिवशी ब्रिटिशांच्या हाती आली. फ्रेंचांनी तर आपली त्या दिवसाची उद्दिष्टे तुलनेने थोड्या हानीत गाठली. मिथकात या दक्षिण भागाला जागा नाही, कारण तो भाग जमेस धरला की शोकात्मिका अपरिहार्य राहत नाही. हेगचा दोष येथे कमी होत नाही, उलट नेमका होतो. मूर्खपणाचा मोघम आरोप जाऊन त्याच्या जागी एका गणिताचा, तोफगोळ्यांच्या घनतेचा, आरोप येतो.

खंदक या वस्तूविषयीचा समजही असाच तपासण्याजोगा आहे. खंदक म्हणजे मृत्यूचे घर, ही प्रतिमा इतकी रुळली आहे की खंदक का खणले गेले, हा साधा प्रश्नही विचारला जात नाही. २२ ऑगस्ट १९१४ या एका दिवशी फ्रान्सचे सुमारे २७,००० सैनिक मारले गेले. पश्चिम आघाडीवर तेव्हा खंदक नव्हते. उघड्या शेतांतून चाललेले ते चळवळीचे युद्ध होते. माणसे जमिनीत शिरली ती त्या संहारापासून वाचण्यासाठी. खंदकात राहणेही अखंड नव्हते. चार्ल्स कॅरिंग्टन या अधिकाऱ्याने १९१६ सालच्या आपल्या दिवसांचा जो हिशेब ठेवला, त्यात अगदी पुढच्या रांगेतले दिवस ६५ भरतात. उरलेले वर्ष मागच्या रांगांत, राखीव तळांवर, प्रशिक्षणात आणि विश्रांतीत गेले. जखमांचा हिशेबही यंत्रबंदुकीच्या प्रतिमेशी जुळत नाही. ब्रिटिश सैन्यातील निम्म्याहून अधिक जखमा तोफगोळ्यांच्या होत्या. यंत्रबंदुकीला चेहरा आहे, तिच्यामागे एक माणूस बसलेला असतो. कित्येक मैलांवरून आलेला गोळा निनावी असतो. कथनाला निनावीपणा सोसत नाही. यंत्रबंदूक मिथकात मोठी झाली ती बहुधा याच कारणाने.

'गाढवांनी हाकलेले सिंह' या सुप्रसिद्ध वाक्प्रयोगाची वंशावळ तर संहिताचिकित्सेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावी अशी आहे. ॲलन क्लार्कने १९६१ साली 'द डाँकीज' हे पुस्तक लिहिले. त्याच्या आरंभी लुडेनडॉर्फ आणि हॉफमान या जर्मन सेनानींमधला एक संवाद दिला असून त्याचा आधार म्हणून फाल्केनहाइनच्या आठवणींचा निर्देश केला आहे. त्या आठवणींत असा संवाद सापडत नाही. वाक्प्रयोग मात्र जुना होता. क्रिमियाच्या युद्धाच्या आणि पुढे १८७०–७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाच्या संदर्भात तो वापरला गेला होता आणि १९२७ साली एका इंग्रजी पुस्तकाचे ते शीर्षकही झाले होते. क्लार्कचे पुस्तक १९१५ या एकाच वर्षाविषयी आहे, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानातून सुटते. ब्रिटिश सैन्य नवखे, दारूगोळ्याला मोताद आणि तोफखान्यात दुबळे होते, त्या वर्षाचे वर्णन चारही वर्षांना लागू झाले. दोन वर्षांनी, १९६३ साली, जोन लिटलवुडच्या थिएटर वर्कशॉपने 'ओह, व्हॉट अ लव्हली वॉर' रंगभूमीवर आणले. १९६० नंतरच्या दशकात अण्वस्त्रांच्या सावलीत वाढलेल्या पिढीला सत्तेच्या अक्कलशून्यतेचे एक रूपक हवे होते. ते तिला १९१५ मध्ये मिळाले. हवेलीत बसलेल्या सेनापतींविषयी एवढेच नोंदवावे की या युद्धात सत्तरहून अधिक ब्रिटिश जनरल कामी आले.

या सगळ्यात सर्वांत बोलका पुरावा विल्फ्रेड ओवेनचा आहे. युद्धाच्या व्यर्थतेचा कवी म्हणून त्याची प्रतिमा इतकी घट्ट आहे की तो कसा लढला याकडे लक्ष जात नाही. १९१८ च्या ऑक्टोबरात एका हल्ल्यातील कामगिरीबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला. या सन्मानासोबतच्या मूळ लष्करी प्रशस्तीत त्याने शत्रूकडून हस्तगत केलेली यंत्रबंदूक स्वतः चालवून शत्रूची मोठी हानी केली, अशा आशयाचा उल्लेख आहे. १९६७ साली त्याचा पत्रसंग्रह प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात छापलेल्या प्रशस्तीत हा मजकूर बदललेला होता. तेथे ओवेन शत्रूची यंत्रबंदूक काबीज करतो आणि काही कैदी पकडतो. मारण्याची क्रिया वाक्यातून गेली. कणवेचा कवी मारणारा असू शकतो, ही गोष्ट त्या दशकातील वाचनव्यवहाराला पेलणारी नव्हती, असेच यावरून म्हणावे लागते. वस्तुतः ओवेनच्या कवितेतील ताण तेथेच आहे. मारलेल्या शत्रूशी मृत्यूनंतर भेट कल्पिणारा कवी केवळ बळी असता, तर त्या भेटीला अर्थ काय राहिला असता? त्याच्या हातांवरचे रक्त पुसून टाकणाऱ्या संपादनाने त्याची कविताही थोडी पुसली. ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्ध संपायला सात दिवस उरले असताना, सांब्र–वाज कालवा ओलांडताना ओवेन मारला गेला. तो हल्ला यशस्वी झाला. फसलेल्या हल्ल्यांच्या मिथकाचा सर्वांत मोठा साक्षीदार विजयी मोहिमेत पडला, ही गोष्ट त्याच्या कवितांच्या शालेय संपादनांत क्वचितच ठळक केली जाते.

लष्करी इतिहासकारांनी या मिथकाला दिलेले उत्तरही निरागस नाही. १९६३ साली जॉन टेरेनने हेगचे समर्थन करणारे चरित्र लिहिले. प्रायर आणि विल्सन (१९९२), पॅडी ग्रिफिथ (१९९४), गॅरी शेफील्ड (२००१) यांनी ब्रिटिश सैन्य चार वर्षांत कसे शिकत गेले याचा तपशील मांडला. हा तपशील भक्कम आहे. फेब्रुवारी १९१७ मधील प्रशिक्षण-पुस्तिकेने छोट्या तुकडीला, तिच्यातील हातबाँब, रायफल आणि हलक्या यंत्रबंदुकीसह, लढाईचे मूळ एकक बनवले. भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळवलेल्या लॉरेन्स ब्रॅगने ध्वनीच्या साहाय्याने शत्रूच्या तोफा हुडकण्याचे तंत्र विकसित केले. नोव्हेंबर १९१७ मध्ये कांब्रे येथे आधी नेम न आजमावता अचानक तोफा डागल्या गेल्या. ८ ऑगस्ट १९१८ रोजी आमियांजवळ हल्ला सुरू होण्याआधीच बहुतेक जर्मन तोफांच्या जागा ठाऊक झालेल्या होत्या. 

येथवर आक्षेप नाही. परंतु या साऱ्याला 'शिकण्याची चढती रेषा' असे नाव मिळाले की इतिहासाने पुन्हा एक वाङ्मयप्रकार पत्करलेला असतो. इतिहासलेखन शोकात्म, विनोदात्म, अद्भुत वा उपरोधात्म कथानकाची निवड करते, हे हेडन व्हाइटने १९७३ सालीच दाखवले आहे. मिथकाने उपरोध निवडला. त्याच्या खंडनकर्त्यांनी नायकाच्या घडणीची, चुकांतून शहाणपणाकडे नेणारी कादंबरी निवडली. हिचा नायक आहे संस्था, आणि संस्था मरत नसते. शिकलेल्या सैन्याची हानी घटली असेल ही अपेक्षाही आकडे खोटी ठरवतात. सोमच्या लढाईत ब्रिटिशांची रोजची सरासरी हानी तीन हजारांच्या आसपास होती. १९१८ च्या अखेरच्या विजयी शंभर दिवसांत ती साडेतीन हजारांवर गेली. त्या दिवसांत सैन्याला जमीन मिळाली, १ लाख ८८ हजारांवर कैदी मिळाले, युद्ध संपले. मेलेल्याच्या बाजूने पाहता हा फरक कसा मोजावा, याचे उत्तर चढत्या रेषेत नाही. ओवेनच्या कवितेत ते निदान प्रश्नरूपाने तरी आहे.

पॉल फसेलच्या 'द ग्रेट वॉर अँड मॉडर्न मेमरी' (१९७५) या ग्रंथाने या युद्धाच्या वाङ्मयीन स्मृतीचा विचार सर्वांत प्रभावीपणे केला. आधुनिक स्मृती तत्त्वतः उपरोधात्म आहे आणि तिचा उगम खंदकांत आहे, हे त्याचे प्रतिपादन. प्रायर आणि विल्सन यांनी १९९४ साली या ग्रंथातील लष्करी इतिहासाच्या चुका कठोरपणे दाखवल्या. मात्र त्याची खरी मर्यादा पुराव्याच्या निवडीत आहे. त्याचा साक्षीदार मुख्यतः इंग्रजी साहित्यावर पोसलेला, शिकलेला तरुण ब्रिटिश अधिकारी आहे. त्याच खंदकांत १९१४ च्या ऑक्टोबरापासून हिंदी सैनिक होते. सुमारे १ लाख ३८ हजार हिंदी माणसे या युद्धात फ्रान्सला गेली, आणि मार्च १९१५ मधील नव्ह शापेलच्या हल्ल्यात ब्रिटिशांच्या बरोबरीने मीरत विभागाच्या हिंदी पलटणी आघाडीला होत्या.

या शिपायांची पत्रे उपलब्ध आहेत. त्यांतील निवडक पत्रांचे डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ साली संपादन केले. परंतु ही पत्रे 'उपलब्ध' आहेत म्हणजे काय, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. निरक्षर शिपायाने ती बऱ्याचदा लेखनिकाला सांगितली. हिंदी टपालासाठी नेमलेल्या सेन्सॉरने ती वाचली. सैन्याच्या मनःस्थितीचा अहवाल देण्यासाठी त्याने त्यांतले उतारे इंग्रजीत उतरवले. आणि मागे राहिले ते बहुतांशी हे उतारेच. मूळ भाषा गेली, लय गेली, शब्दनिवड गेली. आपले पत्र वाचले जाते हे शिपायांना ठाऊक होते. म्हणून कोणी काळ्या आणि लाल मिरीची भाषा वापरली. काळी म्हणजे हिंदी शिपाई, लाल म्हणजे गोरा. काहींनी या युद्धाला महाभारताची उपमा दिली. ही उपमा फसेलच्या सिद्धांताला अडचणीत आणते. जगाचा क्षय पाहणाऱ्या या माणसांना उपरोधाची गरज भासली नाही. कुलक्षयाचे महाकाव्य त्यांच्या हाताशी आधीपासूनच होते. त्या आठवणीला 'आधुनिक' म्हणायचे की नाही, हा प्रश्न फसेलच्या चौकटीत उद्भवतच नाही. मुल्कराज आनंद यांची 'अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स' ही हिंदी शिपायाच्या नजरेतून फ्रान्समधले खंदक पाहणारी कादंबरी दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी प्रसिद्ध झाली होती. ती फसेलच्या ग्रंथाहून जवळजवळ साडेतीन दशके जुनी आहे.

मराठी वाचकाच्या बाबतीत ही निवड आणखी विचित्र रूप घेते. त्याला खंदक भेटतो तो इंग्रजीच्या पदवी-अभ्यासक्रमातील ओवेन आणि ससूनच्या कवितांतून, फ्लँडर्सच्या चिखलासह. मराठा पलटणींचे खंदक मुख्यतः मेसोपोटेमियात होते. सहाव्या पुणे डिव्हिजनमधील १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी टेसिफॉनच्या लढाईनंतर तैग्रिसच्या वळणावरील कुत येथे वेढल्या गेल्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. सुटकेसाठी आलेल्या फौजा नदीच्या खालच्या अंगाला हन्ना आणि सन्नैयात येथील तुर्की खंदकांपुढे पुन्हा पुन्हा अडल्या, आणि अखेर सुमारे १३,००० माणसे उपासमारीने खंगून शरण गेली. कैदेत त्यांतील हजारो मेली. या वेढ्याची जी ग्रंथसंपदा आहे ती बहुशः इंग्रज अधिकाऱ्यांची. आणि तिचा केंद्रबिंदू आहे जनरल टाउनशेंडचा अहंकार, म्हणजे पुन्हा सिंह आणि गाढवे यांचीच कथा, फक्त वाळवंटातली.

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावातून या युद्धात गेलेल्यांपैकी ४६ जणांच्या मृत्यूची नोंद आहे. महायुद्धानंतर सरकारने अशा अनेक गावांत छोट्या शिळा बसवल्या. त्यांवरील मजकूर ठरावीक साच्याचा आहे: या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे आणि १९१४–१९१९ ही वर्षे. ते कोठे लढले हे या साच्यात नाही आणि त्यांची नावेही नाहीत.