ठोका चुकलेलं सर्किट

भारताची प्रमाणवेळ १९०६ साली अमलात आली, पण मुंबई महापालिकेला ती मान्य नव्हती. रेल्वेचं घड्याळ प्रमाणवेळेचं आणि शहराचं त्याच्या ३९ मिनिटं मागं, असा दुहेरी कारभार १९५५ पर्यंत चालला. उपनगरातून गाडीनं शहरात येणाऱ्यानं मनातल्या मनात वजाबाकी करत राहायचं!

तसाच घोळ आज हातभर तारांच्या सर्किट बोर्डावर होतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी १९७३ साली जिथं सीप्झ उभं राहिलं त्या अंधेरीत, विद्याविहारला किंवा पवईला अभियांत्रिकी शिकणारी मुलं स्वतः सोल्डर केलेला बोर्ड संगणकाला जोडतात आणि पडद्यावर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं उमटतात. 'चिप उडाली' म्हणून बोर्ड कचऱ्यात जातो. पुष्कळदा चिप ठणठणीत असते. चुकलेला असतो तिचा ठोका.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमधला छोटा संगणक. त्याचं प्रत्येक काम ठोक्यावर चालतं, आणि हा ठोका बऱ्याच बोर्डांवर डाळीच्या दाण्याएवढा सिरॅमिक रेझोनेटर देतो. पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवलं, की क्वार्ट्झसारखा स्फटिक दाबला की त्यावर विद्युतभार येतो. उलटही खरं आहे. वीज दिली की स्फटिक किंचित आकसतो, फुगतो. त्याच्या ठराविक कंपनावर रेडिओ आणि घड्याळं चालली. दुसऱ्या महायुद्धात क्वार्ट्झला प्रचंड मागणी आली आणि चांगला स्फटिक यायचा मुख्यतः ब्राझीलहून. त्याच काळात अमेरिका, रशिया आणि जपानमध्ये, कपॅसिटरसाठी नवं द्रव्य शोधताना, बेरियम टायटनेट हाती लागलं. कपबशीसारखीच भट्टीत भाजायची वस्तू! पण जास्त दाबाची वीज देऊन तिला वळण लावलं की तीही क्वार्ट्झसारखी वागते. पुढं अशा सिरॅमिकचे स्वस्त रेझोनेटर घरोघर पोचले. टीव्हीच्या रिमोटमध्ये ४५५ किलोहर्ट्झचा असायचा. रिमोट सोफ्यावरून पडून मुका झाला, की जाणता दुरुस्तीवाला आधी तोच बदलून बघायचा.

बोर्डावरही तपासणी तिथूनच सुरू करावी. तीन पायांच्या रेझोनेटरचा मधला पाय ग्राउंडला जातो, कारण लागणारे दोन कपॅसिटर त्याच्या पोटातच असतात. दोन पायांचा असेल तर ते बाहेरून लावावे लागतात. मग भिंगातून सोल्डर पाहावं: दोन पायांत पूल झालाय का, सांधा कोरडा आहे का, फ्लक्स चिकटून राहिलाय का. ऑसिलोस्कोप असेल तर प्रोब दहापटीवर ठेवून चिपच्या आउटपुट पायाला लावावा. एकपटीवर प्रोबचाच भार एवढा पडतो, की चालू असलेला ठोका थांबतो आणि निरोगी रेझोनेटर मेलेला ठरतो.

ऑसिलोस्कोप नसला तरी अडत नाही. मनगटावरचं घड्याळ पुरतं. अर्डुइनोवाल्यांच्या ओळखीची एटीमेगा ३२८ ही कोरी चिप आतल्या ठोक्यावर, सेकंदाला दहा लाखांच्या गतीनं चालते. रेझोनेटर असतो एक कोटी साठ लाखांचा. सेकंदाला एकदा लुकलुकायला हवा तो दिवा सोळा सेकंदांनी लुकलुकला, तर रेझोनेटर बिघडलेला नाही. चिपला तो वापरायला सांगितलेलंच नाही. ते सांगणं, म्हणजे फ्यूज सेटिंग, चुकीचं झालं तर चिप प्रोग्रामरलाही उत्तर देत नाही. तेव्हा तिच्या घड्याळाच्या पायाला बाहेरून ठोका दिला की ती बहुधा पुन्हा बोलू लागते.

संगणकाशी बोलताना दोन-तीन टक्क्यांपर्यंतचा फरक खपून जातो. रेझोनेटर चुकतो साधारण अर्ध्या टक्क्यापर्यंत, म्हणून तिथं तो चालतो. पण त्यावर भिंतीवरचं घड्याळ बनवलं आणि ते रोज पाच मिनिटं पुढं गेलं, तर सोल्डरिंगला दोष देऊ नये. अर्धा टक्का म्हणजे दिवसाला ४३२ सेकंद. घड्याळासाठी क्वार्ट्झच घ्यावा.