देवगिरी पडली त्या साली



दिंडीला शंभर वर्षं झाली, पुस्तक निघतंय, तुम्हीही काही लिहा, असं मंडळी म्हणाली. मी चौथी शिकलेला माणूस. हात नांगरावर बसलेला, लेखणीवर नाही. कीर्तनात उभं राहायचं तर चार अक्षरं वाचलेली असावी लागतात, म्हणून मिळेल ते वाचत गेलो. तरी हा लेख मी हौसेनं लिहीत नाही. माझ्यावर एका पोराचं उत्तर देणं आहे, ते फेडायला लिहितोय.

आपली दिंडी कार्तिकीला आळंदीला जाते. आषाढीला आपल्याकडं आवणी चालू असते, तेव्हा कोण निघणार? भात झोडून झालं, पेंढा रचला, की मग म्हशावरून मुरबाड, टोकावडे, वैशाखरे करत आपण माळशेज चढतो. काही वर्षांपूर्वी असाच एक मुक्काम होता. जेवणं झाली, हरिपाठ झाला. कॉलेजात शिकणारा आपल्याच दिंडीतला एक पोरगा माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "बुवा, राग मानू नका. परका देवगिरीवर चालून आला तेव्हा आपले संत काय करत होते? टाळ कुटत बसले म्हणूनच राज्य बुडालं असं लोक म्हणतात. खरं काय?"

मायबापहो, मला राग आला. चार लोकांसमोर मी त्याला गप्प केलं. "तुझी अक्कल किती, माऊलींवर बोलतोस किती," असं बोललो. पोरगा उठून गेला. पुढं दोन वर्षं तो दिंडीत दिसला नाही. नंतर मला कळलं, ही गोष्ट त्याच्या मनची नव्हती. मोठमोठ्या विद्वानांचं हेच भांडण आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली पुस्तक लिहून सांगितलं की संतांनी जमीन नांगरली, तिच्यात स्वराज्याचं पीक आलं. इतिहासाचार्य राजवाड्यांनी उलट संतांना नावं ठेवली, की ह्यांनी समाज पांगळा केला. इतकी मोठी माणसं भांडली, तिथं पोराचं काय चुकलं? उत्तर मला येत नव्हतं, म्हणून मी ओरडलो. आता देतो.

आधी आपल्याच वाटेपासून सुरू करू. वैशाखऱ्याच्या पुढं आलं की उजव्या हाताला नानाचा अंगठा दिसतो. तो नाणेघाट. खाली कल्याण आणि सोपारा ही बंदरं, वर जुन्नर, पुढं पैठण. परदेशी गलबतांतला माल बैलांच्या पाठीवर ह्या घाटानं वर जायचा. घाटाच्या माथ्यावर दगडाचा मोठा रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत, असं सांगतात. शेजारच्या लेण्यात दोन हजार वर्षांवरचा ब्राह्मी लेख आहे, सातवाहनांची राणी नागनिका हिचा. यज्ञ केले, हजारोंनी गाई दिल्या, नाणी दिली, असा हिशेब भिंतीवर कोरलाय. लेखाच्या सुरुवातीला देवांना नमस्कार आहे, आणि त्या देवांत संकर्षण आणि वासुदेव ही नावं आहेत. वासुदेव म्हणजे आपला कृष्णच. आपण ज्याचं नाव घेत खालून जातो, ते नाव वर कातळात तेव्हापासून आहे.

ह्या वाटेसाठी लढाया झाल्या. क्षहरात नहपानानं जुन्नर-नाशिकचा मुलूख घेतला. मग गौतमीपुत्र सातकर्णी उठला आणि त्यानं नहपानाला बुडवलं. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. सगळी नहपानाची, पण त्यांतल्या बहुतेकांवर सातकर्णीनं स्वतःचा छाप मारलेला. नाणं तेच, चांदी तीच, फक्त मालक बदलला. सातवाहन गेले, पुढं कितीतरी आले. ठाण्याला शिलाहार आले. अंबरनाथचं देऊळ त्यांच्याच काळचं, १०६० सालचं. त्यांचा शेवटचा राजा सोमेश्वर, त्याला देवगिरीच्या महादेव यादवानं समुद्रावरच्या लढाईत संपवलं. तेव्हापासून आपलं हे खालचं कोकणही देवगिरीच्या ताब्यात गेलं. म्हणजे देवगिरी पडली ती आपलीच राजधानी पडली. तिकडची कुठली लांबची गोष्ट नव्हे.

आता पोराच्या प्रश्नाकडे येतो.

महादेवाच्या मागून रामदेवराव गादीवर आला. राजा वाईट नव्हता. मराठीची कदर होती. पंढरपूरच्या देवळात चौऱ्याऐंशीचा शिलालेख आहे, त्यात विठ्ठलाला दान देणाऱ्यांची नावं आहेत, आणि तिथं ह्या राजाचंही नाव आहे. माऊलींनी नेवाशाला शके १२१२ म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली, तिच्या शेवटीही रामचंद्र राजाचं नाव आदरानं घेतलंय.

पुढं सहा वर्षांत १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी आला. दिल्लीच्या सुलतानाचा पुतण्या. बरोबर आठेक हजार घोडेस्वार. एवढ्यानं एवढं राज्य पडावं कसं? ते नीट बघा. राजाची मोठी फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर गेलेली. विंध्य ओलांडून शत्रू थेट दारात येईपर्यंत राजाला पत्ता नाही. खिलजीनं हूल उठवली की मागून दिल्लीचे वीस हजार स्वार येताहेत. राजानं घाईनं किल्ल्याचं दार लावून घेतलं.

आता पुढचं शेतकऱ्यानं मन देऊन ऐकावं. फिरिश्ता नावाच्या इतिहासकारानं तीनशे वर्षांनंतर लिहून ठेवलंय. किल्ल्यात धान्य कमी म्हणून राजाच्या माणसांनी पायथ्याला पडलेली गोणी उचलून आत नेली. कोकणातून आलेले व्यापारी ती टाकून पळाले होते. शंकरदेव फौज घेऊन परत आला, लढला, खिलजीला मागंही रेटलं. तेवढ्यात वेढ्यावरचे हजार स्वार धुरळा उडवत आले, आणि यादवांच्या फौजेला वाटलं दिल्लीचे वीस हजार आले. फौज उधळली. तरी किल्ला उभा होता. मग आत गोणी उघडली, तर धान्य नाही, मीठ!

कोकणचं मीठ, म्हणजे आपल्या खाडीकडचं, कुठल्यातरी घाटानंच वर चढलेलं. मी आयुष्यभर भाताच्या गोणी उचलल्या. मिठाची गोण आणि भाताची गोण, नुसता हात लावला तरी कळतं. ज्या राज्यात गोणीला हात लावून बघणारा एक माणूस दरवाजावर नव्हता, ते टाळामुळं बुडालं म्हणायचं का? पहारा झोपला, खबर आली नाही, कणगी बघितली नाही, अफवेवर विश्वास ठेवला. ही कारणं आहेत. त्यात वीणा-मृदंग कुठं आला?

राजा शरण गेला. देवगिरीचं सोनं, मोती, रेशीम उत्तरेला गेलं. त्या पैशाच्या बळावर खिलजीनं सख्ख्या चुलत्याला मारून दिल्लीचं तख्त घेतलं. पुढं १३०७ ला मलिक काफूर आला आणि रामदेवरावाला धरून दिल्लीला घेऊन गेला. शंकरदेवानं खंडणी नाकारली, तो लढाईत पडला. १३१८ ला हरपालदेवाला हाल करून मारलं, आणि यादवांचं नाव संपलं. पुढं महंमद तुघलकानं तिचं दौलताबाद केलं.

आता तारीख बघा. उन्हाळ्याच्या तोंडाला देवगिरी लुटली, आणि त्याच साली, शके १२१८, कार्तिक वद्य त्रयोदशीला माऊलींनी आळंदीला समाधी घेतली. वय एकवीस. ज्या त्रयोदशीला आपण दरसाल आळंदीत उभे असतो, ती त्याच वर्षाची त्रयोदशी. मी चाळीस वर्षं त्या दिवशी तिथं रडलो, पण त्या साली आपलं राज्य लुटलं गेलं होतं हे मला माहीत नव्हतं. पोरानं विचारलं म्हणून कळलं.

मग संतांनी केलं काय? टाळानं घोडा अडत नाही, हे मी मान्य करतो. माऊलींनी तलवार धरली नाही, नामदेवरायांनी धरली नाही. पण राज्य गेल्यावर लोकांजवळ काय राहिलं ते बघा. दरबारात फारसी शिरली. आजही तहसीलला जा. तहसील हा शब्द बाहेरचा, जमीन बाहेरचा, कागद, अर्ज, फिर्याद, सगळे बाहेरचे. आता आपल्या शेतात या. नांगर, खळं, मूठ, पेंढा, आवण. हे आपले. कचेरीतली भाषा गेली, शेतातली आणि देवळातली राहिली. ती पोथीत बंद असती तर पोथीबरोबर जळाली असती. ओवी दळणाऱ्या बाईच्या तोंडी होती आणि अभंग वाटेनं चालणाऱ्याच्या तोंडी होता, त्याला वेढा कोण घालणार?

नामदेवराय माऊलींच्या मागं चोपन्न वर्षं राहिले, १३५० पर्यंत. सगळी पडझड त्यांनी डोळ्यांनी बघितली. ते पंजाबापर्यंत चालत गेले. त्यांची एकसष्ट पदं शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. ज्या उत्तरेतून फौज खाली आली, त्या उत्तरेला आपला शिंपी नाम घेऊन वर गेला.

आणि चोखोबा. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधायला लावलेले. १३३८ साली भिंत कोसळली, त्याखाली गेले. भिंती राजे बांधवून घेतात, मरतो कोण ते ह्यात दिसतं. नामदेवराय तिथं गेले, हाडं गोळा केली, आणि पंढरीला महाद्वारासमोर समाधी केली. ज्याला जिवंतपणी आत येऊ दिलं नाही, त्याला दारात तरी आणलं. हे आपल्या समाजाचं पापही आहे, ते झाकून संतांचा मोठेपणा सांगू नये. देवगिरीच्या तटाला भोक पडायच्या आधी आपल्यातच किती भिंती होत्या, ते पोरांना सांगायला हवं. राजा एकटा पडला, कारण आम्ही सगळे मिळून एक नव्हतो.

एक गोष्ट आणखी. कृष्णदेवरायानं पंढरीचा विठ्ठल विजयनगरला नेला आणि भानुदास महाराजांनी तो परत आणला, अशी परंपरा आहे. हंपीला विठ्ठलाचं भव्य देऊळ आहे, दगडी रथ आहे, गाभारा रिकामा आहे. १५६५ ला तालिकोटच्या लढाईत विजयनगर हरलं आणि ते नगर लुटून उद्ध्वस्त झालं. एवढं मोठं साम्राज्य, त्याला आपली राजधानी राखता आली नाही. देव मात्र विटेवर आहे, कारण त्याला भेटायला माणसं चालत येतात.

आणि राज्य परत आलंच की. आपल्या शहापूरच्या माहुलीवर १६३६ साली शहाजीराजांना निजामशाहीचा बाळराजा मोगलांच्या हवाली करावा लागला, निजामशाही तिथंच संपली. एकवीस वर्षांनी, १६५७ ला, त्यांच्याच मुलानं कल्याण-भिवंडी घेतली. शिवरायांनी पुढं राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांच्या जागी आपले शब्द घालवले. तलवार शिवरायांची आणि मावळ्यांची. पण मावळा आणि राजा एका भाषेत एकमेकांशी बोलू शकले, एका देवाला हात जोडू शकले, ती भाषा साडेतीनशे वर्षं कोणी जपली होती? हे माझं उत्तर.

बाळा, हे पुस्तक तुझ्या घरी पोचेल. त्या रात्री मी तुला गप्प केलं, ते चुकलं. माऊलींनी रेड्यालाही बोलू दिलं म्हणतात, मी माझ्या दिंडीतल्या पोराला बोलू दिलं नाही. ह्या कार्तिकीला ये. वैशाखऱ्याला मुक्काम करू, सकाळी तुम्ही तरणी पोरं नाणेघाट चढा, तो लेख बघा, वासुदेवाचं नाव कुठं आहे ते मला खाली येऊन सांगा. माझे गुडघे आता तिथं चढत नाहीत. माझ्या उत्तरात काही चुकलं असलं तर तेही चालता चालता सांग. विणेकऱ्याच्या मागं तुझी जागा अजून कोणाला दिलेली नाही.