पिरॅमिडांची ताऱ्यांवरून दिशानिश्चिती

इजिप्तच्या चौथ्या राजवंशातील पिरॅमिडांच्या बाजू चार मुख्य दिशांना अतिशय काटेकोरपणे धरून आहेत. गीझा येथील खुफूच्या पिरॅमिडची बाजू सुमारे २३० मीटर लांब असून ती खऱ्या उत्तरेपासून पश्चिमेकडे जेमतेम साडेतीन कला ढळलेली आहे (६० कला म्हणजे एक अंश). एवढ्या लांबीवर हा फरक वीतभर भरतो. होकायंत्र तेव्हा नव्हते आणि आजच्यासारखा ध्रुवताराही नव्हता: कालेय तारकासमूहातील ठुबान खगोलीय ध्रुवाच्या सर्वांत जवळ आला, तो खुफूच्या कित्येक पिढ्या आधी.

एखाद्या ताऱ्याचे उदय-अस्ताचे बिंदू कृत्रिम क्षितिजावर, म्हणजे सपाट माथ्याच्या गोलाकार भिंतीवर, नोंदवून त्यांमधला कोन दुभागावा, ही पद्धत आय. ई. एस. एडवर्ड्स यांनी सुचवली. केट स्पेन्स यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये दुसरी मांडली. ध्रुवाच्या दोन विरुद्ध बाजूंचे तारे, सप्तर्षींतील वसिष्ठ (मिझार) आणि ध्रुवमत्स्यातील कोचाब, ओळंब्याच्या दोरीवर एकाखाली एक आले की त्या रोखाने उत्तर धरायची. परांचनामुळे, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाच्या संथ डोलण्यामुळे, ही जोडी इ. स. पू. २४६७च्या सुमारासच अचूक उत्तर दाखवी. त्याआधी ती पश्चिमेकडे चुके, नंतर पूर्वेकडे. प्रत्यक्षातही मैदूमचा पिरॅमिड सुमारे २० कला पश्चिमेकडे, दहशूरचा लाल पिरॅमिड ९ आणि खुफूचा साडेतीन कला पश्चिमेकडेच, तर मेनकाउरेचा सुमारे १२ कला पूर्वेकडे कललेला आहे. चुकांच्या या उतरंडीवरून स्पेन्स यांनी खुफूच्या बांधकामाचा आरंभ इ. स. पू. २४७८च्या आसपास ठरवला. खाफ्रेचा पिरॅमिड मात्र क्रमात बसत नाही. त्याचे निरीक्षण वेगळ्या ऋतूत, ताऱ्यांची वर-खाली जागा उलट असताना झाले, असे त्यांना गृहीत धरावे लागले. मांडणीची ही नाजूक बाजू आहे. हुआन अँतोनियो बेलमोंते यांनी तत्त्व तेच ठेवून सप्तर्षींतीलच अत्री व पुलस्त्य ही जोडी सुचवली. जोडी बदलली की कालगणनाही सरकते.

ताऱ्यांच्या वापराला लेखी आधारही दाखवला जातो. इजिप्तमध्ये देवी सेशातच्या साक्षीने राजाने दोरी ताणण्याचा पायाभरणी विधी होता. राजा सप्तर्षींकडे पाहून आखणी करतो, असे एडफूच्या मंदिरातील लेख सांगतात. पण ते पिरॅमिडांनंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी कोरलेले असल्याने पुरावा म्हणून बेताचेच.

ताऱ्यांचा आधार सर्वमान्य नाही. ग्लेन डॅश यांनी विषुवदिनी शंकूच्या (उभ्या काठीच्या) सावलीचे टोक दिवसभर खुणावून जवळपास अचूक पूर्व-पश्चिम रेषा मिळवली. तीही खुफूच्या पिरॅमिडप्रमाणेच किंचित घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरलेली होती.