खर्ड्यानंतरची चोरटी पत्रे

आमच्या खर्ड्याचे नाव निघाले की लोक ११ मार्च १७९५ च्या लढाईचे विचारतात. निजाम हरला, नाना फडणवीसांचा दबदबा शिगेला पोचला. मला मात्र पुढचे सात महिने जास्त बोलके वाटतात.

पेशवे सवाई माधवराव तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचे. शनिवारवाड्यात कोण येते, कोण जाते यावर नानांची नजर. जुन्नरला राघोबांचा मुलगा बाजीराव कैदेत होता. नात्याने चुलता, वयाने थोडा धाकटाच! त्याच्याशी पेशव्यांचा गुप्त पत्रव्यवहार सुरू झाला, पहाऱ्यावरच्या बळवंतराव नागनाथांमार्फत. नानांना सुगावा लागला. बळवंतराव बेड्यांत, आणि धन्याला कारभाऱ्याची बोलणी. ऑक्टोबरात पेशवे वाड्यात उंचावरून पडून वारले. उडी की तोल, हा वाद अजून आहे.

नानांना एकदम दोषी धरवत नाही. त्याच वाड्यात १७७३ साली पेशव्यांच्या वडिलांचा खून झाला होता, आणि संशय राघोबांवर होता. पण जिवाभावाचे दोन शब्दही राजकारणातच मोजायचे का?

माझे जुने विद्यार्थी पुण्यात नोकरीला आहेत. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पडद्याची चित्रे टिपणारे, दाबलेली प्रत्येक कळ नोंदवणारे सॉफ्टवेअर असू शकते. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटले खरे, पण २०२३ च्या कायद्यात नोकरीच्या कामासाठी, कंपनीचे नुकसान टाळण्यासाठी मालकाला संमतीवाचून माहिती वापरायची मुभा ठेवली आहे. गुपिते जपा, मान्य. बायकोला लिहिलेली मेल त्यात कशी बसते, हे मला कुणी समजावून सांगेल का?