मूळ आणि प्रत : सुमिदातीरचे ठसे व अजिंठ्याची भित्तिचित्रे

एदो म्हणजे आजचे टोकियो. त्या नगरातून वाहणाऱ्या सुमिदा नदीवरील पूल, नावा, चहागृहे व आतषबाजी हे जपानी काष्ठठशांच्या चित्रांचे आवडते विषय होत. या चित्रप्रकारास ‘उकियो-ए’ म्हणतात. ‘उकियो’ या शब्दाने पूर्वी बौद्ध विचारातील दुःखमय संसार सूचित होई. उच्चार तोच राहून सतराव्या शतकात त्यास ‘तरंगते जग’ असा अर्थ आला.

१८५५ च्या भूकंपाने एदो उद्ध्वस्त झाले. त्यानंतर १८५६ ते १८५८ या काळात हिरोशिगे याची एदोतील प्रसिद्ध स्थळांची चित्रमाला निघाली. सुमिदेवरील पुलावरून पावसात धावणारी माणसे तीत दिसतात. चित्रकाराचे रेखाटन लाकडावर चिकटवून कोरीत. त्यात ते रेखाटन नष्ट होई. पुढे रंगागणिक निराळा ठोकळा लागे. सारांश, येथे प्रत हेच मूळ होय.

अजिंठ्याची स्थिती याउलट आहे. वाघूर नदीच्या दरीतील सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाच्या निमित्ताने नगरातील दुकानेही रंगविलेली आहेत. परंतु ते चित्र एकमेव होय. हल्ली सिल्लोड तालुक्यात असलेल्या अजिंठा गावी राहून रॉबर्ट गिल याने १८४४ पासून या चित्रांच्या प्रती केल्या; त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रती तयार केल्या. त्यांतील पुष्कळ १८८५ मध्ये लंडनमध्येच भस्मसात झाल्या. १९१७-१८ मध्ये अराई कंपो व अन्य जपानी चित्रकारांनी केलेल्या प्रती १९२३ च्या भूकंपात टोकियोत नष्ट झाल्या. ज्या नगराचे जीवन ठशांनी राखले, तेथेच अजिंठ्याच्या या प्रतींचा अंत व्हावा, ही घटना लक्षणीय आहे.

हाताने केलेली प्रतही मुळाप्रमाणेच एकाकी असते, हे यावरून स्पष्ट होते. ग्रिफिथ्स यांचे काम आज मुख्यतः १८९६-९७ मधील दोन मुद्रित खंडांमुळे अभ्यासता येते. गुलाम याझदानी यांचे चार भाग १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाले. भिंतीवरील रंग झडत असताना असे मुद्रित खंड केवळ संदर्भग्रंथ राहत नाहीत. लुप्त झालेल्या भागांपुरते तेच साधन ठरतात. म्हणून अजिंठ्याच्या अभ्यासकाने भिंतीइतकेच तिच्या प्रतींच्या इतिहासाकडेही लक्ष देणे अगत्याचे आहे.