कियांगान
कियांगान : फिलिपीन्सच्या इफुगाओ प्रांतातील एक प्राचीन गाव. लुझॉन बेटाच्या उत्तर भागातील कॉर्डिलेरा पर्वतप्रदेशात, प्रांताचे मुख्यालय लागावे याच्या जवळ ते वसले आहे. येथील इफुगाओ लोकांची भाषा तुवाली. गावाची ओळख दोन गोष्टींनी ठरली आहे : डोंगरउतारावरची भातखाचरे आणि त्यांच्याभोवती गुंफलेला लोककथांचा व विधींचा ठेवा.

इफुगाओंच्या महापुराच्या कथेत विगान आणि बुगान ही दोनच माणसे वाचतात. एक आमुयाओ डोंगरावर, दुसरे कालावितानवर. बुगानने पेटवलेला विस्तव रात्री दुरून दिसतो, तेव्हा विगानला कळते की आपण एकटे नाही. सारे इफुगाओ या दोघांचे वंशज मानले जातात आणि इबुलाव नदीकाठचे जुने किय्यांगान हे त्यांचे मूळ वसतिस्थान. ‘हुधुद’ या दीर्घ गाथा कापणीच्या वेळी आणि मयताच्या जागरणात गायिल्या जातात. मुख्य गायिका बहुधा वयस्क स्त्री असते, इतर जणी साथ धरतात. एक गाथा पुरी व्हायला कित्येक दिवस लागतात. त्यांतील अलिगुयोन व पुंबाखायोन हे तुल्यबळ वीर वर्षानुवर्षे लढतात, अखेर समेट करून एकमेकांच्या बहिणींशी लग्न करतात. 2001 मध्ये युनेस्कोने हुधुदचा गौरव केला.

ही खाचरे दोन-तीन हजार वर्षांपूर्वीची असावीत, असे अभ्यासक पूर्वी मानत. जुन्या किय्यांगानच्या जागी 2012 पासून झालेल्या उत्खननाने हे मत बदलले. तेथे आधी अळूची लागवड होती. पाणथळ भातशेतीचा मोठा विस्तार सुमारे 400 वर्षांपूर्वी, स्पॅनिश सत्ता खालच्या खोऱ्यांत शिरल्यानंतर झाला, असे पुरावे सांगतात. त्यामुळे खाचरांचे मोल कमी होत नाही. डोंगरात एकवटून स्वातंत्र्य राखणाऱ्या समाजाची ती साक्ष ठरतात. स्पॅनिशांना येथे लष्करी ठाणे बसवायला 19 व्या शतकाची अखेर उजाडली. अमेरिकी अमदानीत शिक्षक म्हणून आलेल्या रॉय फ्रँकलिन बार्टन यांनी येथील रूढिकायद्याची नोंद केली. त्यांचा ‘इफुगाओ लॉ’ हा ग्रंथ 1919 मध्ये निघाला. राजा वा न्यायालय नसतानाही पाणी, बांध आणि कर्ज यांवरची भांडणे ‘मोनकालुन’ हा मध्यस्थ कशी मिटवतो, हे त्यात दिसते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जपानी सेनापती तोमोयुकी यामाशिता 2 सप्टेंबर 1945 रोजी कियांगानच्या शाळेत अमेरिकी सैन्याच्या हवाली झाले; शरणागतीच्या करारावर सह्या दुसऱ्या दिवशी बागियोत झाल्या. इफुगाओ घराच्या छपराच्या घाटाचे युद्धस्मारक गावात उभे आहे.

‘तिनावोन’ हा पारंपरिक भात वर्षातून एकदाच पिकतो. लोंब्या हाताने खुडून पेंढ्या बांधतात, वाळवतात आणि कणगीत ठेवतात. राखणीला ‘बुलुल’ ही लाकडी धान्यदेवता असते. खाचरांच्या वरच्या अंगाला ‘मुयोंग’ हे कुटुंबाने जपलेले रान असते. ते पावसाचे पाणी धरून ठेवते आणि सरपण, इमारती लाकूड व वेतही देते. उतारावरच्या वरकस जमिनीत रताळी होतात. कमरेला ताणून बांधायच्या मागावरचे विणकाम, लाकूडकाम आणि ‘बाया’ ही तांदळाची दारू हे इतर पारंपरिक उद्योग. लावणी ते कापणी प्रत्येक टप्प्याला ‘बाकी’ हा विधी ‘मुंबाकी’ करतो. ख्रिस्ती धर्म पसरल्यावर असे पुरोहित थोडे उरले आहेत.

नदीच्या दोन्ही अंगांना चढत गेलेली नागाकादानची खाचरे 1995 मध्ये जागतिक वारशात नोंदवलेल्या पाच समूहांपैकी एक आहेत. तरुण शिक्षण व नोकरीसाठी बाहेर पडू लागले, खाचरे पडीक राहिली, बांध ढासळले. 2001 मध्ये हा वारसा धोक्याच्या यादीत गेला आणि दुरुस्ती व देखभालीची घडी बसल्यावर 2012 मध्ये त्यातून बाहेर आला. तरीही पावसाळ्यात निसटलेला दगड पुन्हा जागी बसवायला घरातले कोणीतरी गावात असावे लागते. कियांगानचा हा वारसा त्या रोजच्या कष्टावरच टिकून आहे.